सेवकाच्या हाती किती किल्ल्या?

कला शाखेच्या वार्षिकात संगणकावरील लेख पाहून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. त्यांना एवढेच सांगतो की, प्रस्तुत लेखातील प्रश्न यंत्राचा थोडा आणि अधिकाराचा फार आहे. आणि अधिकार हा विषय इतिहास, राज्यशास्त्र वा तत्त्वज्ञान शिकणाऱ्यास परका नाही. प्रश्न असा आहे : जो सेवक दिवसरात्र दारात बसून येईल त्या अनोळखी माणसाशी बोलतो, त्याच्या कमरेला घरातील किती किल्ल्या असाव्यात?

हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडलेला नाही. 'कमवा व शिका' योजनेखाली गेली दोन वर्षे ग्रंथालयातील एका संगणकाची देखभाल माझ्याकडे आहे. मराठी विभागाच्या माजी विद्यार्थ्यांनी पूर्वी आसपासच्या खेड्यांतून हिंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिफितींवर मुद्रित करून आणल्या होत्या. पुढे फितींना बुरशी धरू लागली, तेव्हा त्यांच्या फाइली करून त्या या संगणकावर ठेवण्यात आल्या. अशा सुमारे चारशे फाइली आहेत. गाणाऱ्या आजीबाईंपैकी कित्येक आज हयात नाहीत आणि मूळ फिती आता वाजत नाहीत. म्हणजे जे आहे ते एवढेच.

याच संगणकावर एक छोटी आज्ञावली अखंड चालू असते. महाविद्यालयाच्या जाळ्याशी जोडलेल्या कोणत्याही यंत्रावरून, वसतिगृहातील मुलाच्या मोबाइलवरूनसुद्धा, गावाचे नाव किंवा ओवीचा पहिला शब्द तिला कळवला की ती सूची चाळते आणि ओवी ऐकवते. सोय उत्तम आहे. परंतु ज्या बाहेरच्या तंत्रज्ञाने ती बसवून दिली, त्याने ती 'रूट' या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने सुरू करून ठेवली होती. चालते ना, मग झाले, असा एकूण हिशेब. तो हिशेब का चुकीचा आहे आणि योग्य व्यवस्था कशी लावावी, हे समजून घेताना मला जे वाचायला मिळाले ते येथे मांडतो.

प्रथम या पडद्याआडच्या सेवकाची ओळख करून घेऊ. कोणी समोर बसलेले नसताना, कोणाच्या हाकेची वाट पाहत, पडद्यावर काहीही न दाखवता चालणाऱ्या आज्ञावलीला संगणकाच्या परिभाषेत 'डीमन' म्हणतात. ग्रीक भाषेत 'डायमोन' म्हणजे देव आणि माणूस यांच्या मधली एक शक्ती. अयोग्य कृत्यापासून आपल्याला रोखणारा आतला आवाज सॉक्रेटिसही याच कुळातील शब्दाने सांगत असे. संगणकात मात्र हा शब्द भौतिकशास्त्राच्या वाटेने आला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६७ साली एक काल्पनिक द्वारपाल मांडला होता. दोन खोल्यांमधल्या दारात बसून वायूचे वेगवान कण एकीकडे आणि मंद कण दुसरीकडे निवडत राहणारा हा न थकणारा जीव पुढे 'मॅक्सवेलचा डीमन' म्हणून ओळखला जाऊ लागला. १९६३च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागच्या बाजूस निमूटपणे कामे उरकणाऱ्या आज्ञावल्यांना हेच नाव दिले. दारात बसून निवड करणारा द्वारपाल ही उपमा आपल्या विषयाला इतकी चपखल बसते की नाव ठेवणाऱ्यांचे कौतुक वाटते.

आता अधिकाराकडे वळू. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेल्या युनिक्स प्रणालीत, आणि तिच्या वळणावर पुढे घडलेल्या लिनक्समध्ये, प्रत्येक वापरकर्त्याचे एक खाते असते आणि प्रत्येक खात्याला एक क्रमांक. चालू असलेली प्रत्येक आज्ञावली कोणत्या ना कोणत्या खात्याच्या नावाने चालते. फाइल उघडायची झाली की ती संगणकाच्या अंतरंगातील कर्नेल नावाच्या कारभाऱ्याकडे विनंती करते. कारभारी तिचा क्रमांक पाहतो आणि फाइलीवर काय लिहिले आहे ते पाहतो : मालकाला काय करता येईल, मालकाच्या गटाला काय करता येईल, इतरांना काय करता येईल. त्याप्रमाणे तो हो किंवा नाही म्हणतो. या व्यवस्थेला एकच अपवाद आहे. क्रमांक शून्य असलेले खाते, म्हणजे रूट. त्याच्या बाबतीत कारभारी परवानगीची ही चौकशी करत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. जाळ्याच्या पलीकडून हाक मारणारा मनुष्य कोण आहे, हे कारभाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त दारातला सेवक. पलीकडच्या माणसाने सेवकाला फसवून त्याच्याकडून काही करवून घेतले, तर कारभाऱ्याच्या दप्तरी ते सेवकाचेच कृत्य ठरते. सेवकाचा क्रमांक शून्य असेल, तर फसवणाऱ्याला सारे घर मोकळे.

सेवक फसतो कसा, याचे अभिजात उदाहरण २ नोव्हेंबर १९८८ रोजी घडले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपणहून पसरत जाणारी एक आज्ञावली एमआयटीतील यंत्रावरून सोडून दिली. 'मॉरिसचा किडा' म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक 'फिंगर' नावाच्या सेवेतून जात होती. त्या यंत्रावर सध्या कोण कोण काम करीत आहे, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देणारा हा अगदी निरुपद्रवी सेवक. प्रश्न लिहून घेण्यासाठी त्याच्याजवळ ५१२ अक्षरांची जागा होती, परंतु प्रश्न त्यापेक्षा लांब आला तर काय करायचे, हे कोणी ठरवलेच नव्हते. किड्याने ५३६ अक्षरे पाठवली.

जास्तीची अक्षरे कोठे गेली? समजा एखाद्या कारकुनाजवळ एक छापील अर्ज आहे. वर नावासाठी चौकट आहे आणि तिच्या लगत खाली, हे काम संपल्यावर कोणते काम हाती घ्यायचे, ते साहेबांनी लिहून ठेवले आहे. कारकून सांगितलेले नाव मुकाट्याने लिहीत जातो. नाव चौकटीत मावेनासे झाले तरी तो थांबत नाही, आणि साहेबांच्या ओळीवर नवी अक्षरे चढतात. नाव लिहून झाल्यावर तो खालची ओळ वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. ती ओळ आता पाहुण्याने लिहिलेली असते. प्रश्न म्हणून आलेली अक्षरे अशा रीतीने आज्ञा होऊन बसतात. कारकुनाचा हेतू वाईट नव्हता, आणि साहेबांचाही नव्हता.

त्या काळी सुमारे सहा हजार यंत्रे या किड्याने बाधित झाली असा अंदाज सांगितला गेला. मॉरिसवर खटला चालून १९९० साली त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. पण मला या प्रकरणातील आणखी एक तपशील महत्त्वाचा वाटतो. या किड्याने रूटचा अधिकार मिळवण्याचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. साध्या खात्यांच्या आधाराने पसरत जाऊन, स्वतःच्या असंख्य प्रती काढून, त्याने यंत्रे थकवून टाकली. या तपशिलाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण रूट काढून घेतले की सारे काम झाले, अशी समजूत फार प्रचलित आहे.

यावरचे तत्त्व मात्र आधीच मांडले गेले होते. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी जी सूत्रे दिली त्यांपैकी एकाचा आशय असा : प्रत्येक आज्ञावलीला आणि प्रत्येक वापरकर्त्याला नेमून दिलेले काम पार पडण्यास लागेल तेवढाच अधिकार असावा, त्याहून अधिक नको. निबंध आज पन्नास वर्षांचा झाला. इतके साधे सूत्र अमलात यायला एवढा काळ का लागावा?

एक कारण ऐतिहासिक आहे. जाळ्यावरून येणारी हाक संगणकाच्या नेमक्या कोणत्या सेवेसाठी आहे, हे पोर्ट नावाच्या क्रमांकावरून कळते. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. १९८०च्या दशकाच्या आरंभी, बर्कली येथील युनिक्सच्या आवृत्तीत, १०२४च्या खालचे क्रमांक फक्त रूटनेच उघडावेत असा दंडक होता. त्यामागचा विचार असा की, हाक अशा लहान क्रमांकावरून आली तर ती पलीकडच्या यंत्राच्या जबाबदार चालकानेच दिलेली असणार आणि म्हणून विश्वासार्ह मानता येईल. मोठी यंत्रे मोजक्या संस्थांकडे होती तोवर हे ठीक होते. पुढे घरोघरी संगणक आले आणि प्रत्येक जण आपल्या यंत्राचा रूट झाला. विश्वासाचा पाया गेला, दंडक मात्र राहिला. संकेतस्थळाचा रूढ क्रमांक ८० आणि सुरक्षित संकेतस्थळाचा ४४३, म्हणजे दोन्ही १०२४च्या खाली. परिणामी, ज्या सेवा सर्वांत जास्त अनोळखी माणसांशी बोलणार, त्यांनाच रूट म्हणून जन्म घ्यावा लागू लागला! सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाने उलटे फळ द्यावे, असे प्रसंग इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी पुष्कळ पाहिले असतील.

दुसरे कारण निव्वळ आळस. रूटच्या नावाने चालवले की कोठेही नकार येत नाही, काम पहिल्याच झटक्याला होते. प्रत्येक नकाराचा अर्थ लावत बसण्याचा कंटाळा हाच पुष्कळ ठिकाणी खरा प्रशासक असतो.

दंडकातून वाट काढण्याची जुनी रीत अशी की, सेवेने रूट म्हणून सुरू व्हावे, लहान क्रमांकाचे दार उघडावे आणि लगेच आपला अधिकार टाकून साध्या खात्याचा क्रमांक धारण करावा. सोडलेला अधिकार परत मिळत नाही. हे ऐकायला सोपे आहे, पण करताना क्रम पाळावा लागतो. गटांचे अधिकार आधी सोडायचे आणि स्वतःचा क्रमांक शेवटी बदलायचा. कारण क्रमांक आधी बदलला तर गट सोडण्याचाही अधिकार उरत नाही आणि जुन्या गटाचे लोढणे तसेच राहते. शिवाय, सोडला म्हणजे खरोखर सुटला का, हेही विचारून पाहावे लागते. २००० साली लिनक्सच्या त्या वेळच्या कर्नेलमध्ये एक दोष सापडला. विशिष्ट परिस्थितीत अधिकार सोडण्याची विनंती यशस्वीच होत नसे. 'सेंडमेल' ही टपाल वाहणारी आज्ञावली आपण आता साध्या खात्यावर आलो असे समजून पुढचे काम करी, आणि प्रत्यक्षात ती रूटच राहिलेली असे. संन्यास घेतला आहे असे मानणारा मनुष्य तिजोरीच्या किल्लीसह भिक्षेला निघावा, तसला हा प्रकार.

आज याहून चांगल्या वाटा आहेत. १९९९ सालच्या लिनक्स २.२ पासून रूटच्या अखंड अधिकाराचे तुकडे करण्यात आले, आणि लहान क्रमांकाचे दार उघडण्याचा तेवढा तुकडा साध्या खात्याला वेगळा देता येतो. किंवा सरळ दुसऱ्या कोणाला पुढच्या दारात बसवून आपण ८०८० सारख्या मोठ्या क्रमांकावर आत बसावे. ग्रंथालयात आम्ही हीच वाट घेतली.

पण साधे खाते म्हणजे कोणाचे खाते? येथे आणखी एक खड्डा आहे. युनिक्समध्ये 'नोबडी', म्हणजे कोणीच नाही, या नावाचे एक खाते तयार मिळते. डेबियन लिनक्समध्ये त्याचा क्रमांक ६५५३४. नावावरून वाटते की सेवक ठेवायला याहून निरुपद्रवी नाव नाही. म्हणून एक सेवा 'नोबडी'च्या नावाने चालवली जाते, मग दुसरी, मग तिसरी. आता कारभाऱ्याच्या दृष्टीने या तिन्ही सेवा एकाच व्यक्तीच्या. एक फसली तर ती उरलेल्या दोघींना बंद पाडू शकते आणि त्यांच्या फाइलींना हात घालू शकते. कोणीच नाही म्हणून उभा केलेला गृहस्थ पाहता पाहता बडा आसामी होऊन बसतो. म्हणून प्रत्येक सेवेला स्वतंत्र खाते, हा आज रूढ झालेला नियम.

तो टोकाला नेल्याचे सुंदर उदाहरण म्हणजे डॅनियल बर्नस्टाइन यांची 'क्यूमेल' ही टपालाची आज्ञावली. तिची पहिली पक्की आवृत्ती १९९७ सालची. सेंडमेलमध्ये जे सारे एका पोटात होते ते बर्नस्टाइन यांनी लहान लहान आज्ञावल्यांत वाटले आणि त्यांच्यासाठी सात निरनिराळी खाती नेमली. बाहेरून पत्र घेणारा वेगळा, रांगेत ठेवणारा वेगळा, बाहेर पोहोचवणारा वेगळा, आणि कोणाचाही दुसऱ्यावर आंधळा विश्वास नाही. पुढच्याच वर्षी वीट्झ वेनेमा यांनी 'पोस्टफिक्स' याच विचाराने प्रसिद्ध केली.

या विचाराची कसोटी २००२ साली लागली. दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी जगभर वापरली जाणारी 'ओपन एसएसएच' ही सेवा. खात्यात प्रवेश करू देणे हेच तिचे काम असल्याने तिला रूटचा अधिकार पूर्णपणे टाकता येत नाही. नील्स प्रोव्होस यांनी तिचे दोन भाग केले. अनोळखी माणसाशी बोलणारा भाग अधिकारशून्य खात्यावर, रिकाम्या कोठडीत बसवला. अधिकार असलेला भाग मागे ठेवला, आणि पुढच्याने मागच्याला विचारायचे प्रश्न मोजकेच ठरवून दिले. त्या जून महिन्यात या सेवेत एक गंभीर दोष असल्याचे तिच्या कर्त्यांना कळले. दोष कोणता ते जाहीर न करता त्यांनी जगाला प्रथम एवढेच सांगितले की, ही विभागणी असलेली नवी आवृत्ती घ्या आणि विभागणी चालू ठेवा. दोषाचा तपशील आणि त्यावरची दुरुस्ती त्यानंतर काही दिवसांनी आली. मधल्या दिवसांत भोक तसेच होते, पण ज्यांनी विभागणी चालू केली त्यांच्याकडे भोकातून आत शिरणारा रिकाम्या कोठडीत येऊन पडत होता.

येथे लेख संपवला असता तर तो गोड झाला असता. परंतु ज्या बर्नस्टाइन यांनी सात खाती नेमली, त्यांनीच दहा वर्षांनी, २००७ साली, मागे वळून पाहताना लिहिले की, कमीत कमी अधिकाराच्या या तत्त्वाचा पाठलाग मुळातच चुकीच्या दिशेने नेतो! त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : अधिकार कमी केल्याने नुकसानीचा आकार कदाचित घटेल, पण भोक बुजत नाही. फसलेल्या सेवकाला रूट होता आले नाही, तरी त्याच्या स्वतःच्या कामातच तो वापरणाऱ्याचा घात करू शकत असेल, तर सुरक्षितता मिळाली असे म्हणता येणार नाही. खरे काम म्हणजे ज्या आज्ञांवर विश्वास टाकावाच लागतो त्यांची संख्या कमी करणे आणि चुकाच कमी करणे. मॉरिसच्या किड्याला रूटची गरज लागली नव्हती, हे येथे आठवावे.

माझ्या मते बर्नस्टाइन यांचा आक्षेप बरोबर आहे आणि त्यावरून तत्त्व टाकून देणे चूक आहे. त्यांच्या आक्षेपाने मला एक प्रश्न मात्र नीट विचारायला शिकवले. ग्रंथालयाच्या संगणकात गमावण्यासारखे काय आहे? लिनक्स प्रणाली उद्या नष्ट झाली तर अर्ध्या दिवसात नवी बसवता येईल. ओव्या नाहीत. आणि ओव्यांच्या फाइली जर सेवेच्या साध्या खात्याच्याच मालकीच्या असतील, तर रूट कितीही सुरक्षित राहिला तरी फसलेला सेवक एका आज्ञेत चारशे ओव्या पुसून टाकील. प्रणालीला ओरखडाही उठणार नाही आणि आमचे सारे गेलेले असेल. तेव्हा सेवक रूट नसावा एवढे पुरत नाही. ज्याची आपल्याला काळजी आहे त्या वस्तूचाही तो मालक नसावा. पुस्तकांतून पहिली गोष्ट ठळकपणे सांगतात आणि दुसरी बहुधा एका ओळीत उरकतात.

आमच्या ग्रंथपालबाईंनी मला विचारले होते, "अरे, पण आजीबाईंच्या ओव्या चोरायला कोण येणार आहे?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना म्हटले, "बाई, ओव्यांसाठी कोणीच येणार नाही. पण दारे ढकलत फिरणाऱ्या आज्ञावल्या आत काय आहे ते बघून येत नाहीत. वाय-फायवर जोडलेल्या कोणाच्याही मोबाइलमधून, त्याला पत्ता नसताना, त्या येऊ शकतात." त्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "मग मालक कोण करायचा?" आणि उत्तरही त्यांनीच दिले, "माझ्या नावावर कर."

तशीच व्यवस्था केली. ध्वनिमुद्रणांची मालकी ग्रंथपालबाईंच्या खात्याकडे आहे. सेवेसाठी 'ओवीसूची' नावाचे नवे खाते उघडले. त्याला परवलीचा शब्द नाही, राहण्यासाठी फोल्डर नाही, आणि त्या नावाने कोणी आत येऊ पाहिल्यास 'नोलॉगिन' ही आज्ञावली त्याला दारातूनच परत पाठवते. एक 'श्रोते' नावाचा गट केला. फाइली वाचण्याचा अधिकार त्या गटाला दिला आणि ओवीसूचीला त्याचा सभासद केले. इतरांना काहीच नाही. आज्ञावलीची स्वतःची फाइल आणि सूची रूटच्या मालकीची ठेवली, म्हणजे सेवकाला स्वतःच्या आज्ञा बदलता येत नाहीत.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी दोन बारकावे सांगतो, कारण नवशिके नेमके येथे अडतात. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणे' या परवानगीचा अर्थ आत पाऊल टाकणे असा होतो. ती नसेल तर फाइल वाचण्याची परवानगी असूनही फाइलीपर्यंत पोहोचता येत नाही. आणि फाइल पुसण्यासाठी त्या फाइलीवर लिहिण्याचा अधिकार लागतच नाही. ती ज्या फोल्डरात आहे त्यावर लिहिण्याचा अधिकार लागतो. चारशे फाइलींना एकेक करून कुलूप लावायचे आणि फोल्डर मोकळे सोडायचे, म्हणजे कपाटाला कुलूप घालून कपाटच उचलून नेऊ देण्यासारखे आहे.

संगणक सुरू झाल्यावर सेवा आपोआप उठवण्याचे काम 'सिस्टमडी' करते. त्याच्या छोट्या टिपणात 'यूजर' या शब्दापुढे ओवीसूचीचे नाव घातले की सेवा पहिल्या क्षणापासून त्याच खात्यावर जन्मते. अधिकार घेऊन मग टाकण्याची कसरत लागत नाही. त्याच टिपणात पुढे कोणत्याही वाटेने नवा अधिकार मिळू नये अशी एक ओळ आहे, आणि सारी फाइलव्यवस्था या सेवेपुरती केवळ वाचनीय करणारी दुसरी. सेवेची नोंदवही सिस्टमडीच लिहिते, त्यामुळे त्यासाठीही तिला लिहिण्याचा अधिकार लागत नाही. बाहेरच्या ८० क्रमांकावर 'एनजिनेक्स' बसतो आणि आलेली हाक आत ८०८० वर पोहोचवतो. ओवीसूची फक्त यंत्राच्या आतून आलेल्या हाकेला उत्तर देते. शेवटी, तशाच परवानग्यांचे एक फोल्डर करून त्यात प्रती ठेवल्या आणि ओवीसूचीच्या नावाने त्या पुसण्याची आज्ञा दिली. 'परमिशन डिनाइड' असे उत्तर आले. ध्वनिमुद्रणांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ग्रंथालयाच्या कपाटात आहे आणि ती डिस्क कोणत्याही जाळ्याला जोडलेली नसते.

या व्यवस्थेची तक्रार पहिल्याच आठवड्यात आली, आणि ती रास्त होती. पूर्वी विद्यार्थ्यांना सूचीतील चुका त्याच पानावर दुरुस्त करता येत. गावांची नावे तर पुष्कळ ठिकाणी चुकलेली आहेत. आता सेवकाला लिहिताच येत नसल्याने ते बंद पडले. त्यावर तोड म्हणून एक सूचनावही, म्हणजे एक साधी फाइल, ठेवली आहे. संपूर्ण यंत्रात ओवीसूचीला लिहिता येईल अशी एवढीच जागा. लिनक्समध्ये फाइलीला असा गुण लावता येतो की तिच्या शेवटी भर घालता येते, पण आधीचे खोडता येत नाही, आणि तो गुण काढण्याचा अधिकार रूटखेरीज कोणाला नसतो. वही भरमसाट वाढू नये म्हणून तिच्या आकाराला मर्यादा घातली आहे. कोणाला गावाचे नाव चुकलेले दिसले, ओवी भलत्याच बाईंच्या नावावर पडलेली दिसली, की त्याने ते पानावर लिहावे. ते वहीच्या शेवटी जाऊन बसते. शनिवारी दुपारी ग्रंथपालबाई वही उघडतात, मराठी विभागातील सरांना एकेक ओळ वाचून दाखवतात, आणि जी खरी ठरते तिच्याप्रमाणे सूचीत बदल करून घेतात.